नोंद आणि निरोप : कोल्हापूर परिसरातील लहान शेतकरी व मोबाईल

१

कोल्हापूर शहरात रंकाळा तलावालगत वसलेली शिवाजी पेठ ही तालमींची, पैलवानांची व फुटबॉलची पेठ म्हणून सर्वपरिचित आहे. शेतीच्या संदर्भात तिचे नाव सहसा घेतले जात नाही. तथापि शहराच्या या व आसपासच्या जुन्या पेठांतील कित्येक कुटुंबांची जमीन करवीर तालुक्यातील नदीकाठच्या गावी आहे, आणि पावसाळ्याच्या दिवसांत या नात्याचा प्रत्यय विशेषत्वाने येतो. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कसबा बावड्यानजीकच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आले, या वार्ता तासातासाला मोबाईलवरून पेठेत येतात व पेठेतून गावोगावी जातात. ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी, हे दोन आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये हे पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. अशा प्रसंगी नदीवरील पाणी उपसण्याच्या मोटारी वेळीच वर काढावयाच्या, गोठ्यातील जनावरे हलवावयाची, हे निर्णय मोबाईलवर आलेल्या एका आकड्यावर घेतले जातात.

हे उदाहरण साधे आहे, आणि त्याचा साधेपणा दोन गोष्टींत आहे. नदीची पातळी सर्वांस सारखीच असते, ती कोणाच्या वहीत दडलेली नसते; आणि ती कळताच करावयाचे काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातचे असते. परंतु लहान शेतकऱ्याला ज्या माहितीची वर्षभर गरज भासते तिच्यापैकी बरीचशी या जातीची नव्हे. उसाची तोड केव्हा येणार, काट्यावर वजन किती भरले, खतापोटी खात्यावर किती रक्कम पडली, बिलातून काय कापले गेले, ही माहिती कोणीतरी राखलेल्या दप्तरात असते, आणि दप्तर ज्याच्या हाती त्याच्याकडे शेतकऱ्याला हेलपाटे घालावे लागतात. मोबाईलमुळे या दुसऱ्या प्रकारच्या माहितीच्या बाबतीत काय बदलले व काय बदलले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील वारणा खोऱ्यात १९९८ पासून झालेला प्रयोग हे सर्वांत बोलके उदाहरण होय.

२

शेतकऱ्याला माहिती नाही ही तक्रार मोबाईलच्या शंभर वर्षे आधीची आहे. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि १८९५ साली राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविण्यात आली. पंचगंगेच्या खोऱ्यातील गुऱ्हाळांतून निघालेल्या गुळाच्या रव्यांना त्यामुळे दूरवरचे गिऱ्हाईक मिळाले. पण बाजार जितका दूर, तितका शेतकरी त्या बाजारातील भावाविषयी अनभिज्ञ. माल अडत दुकानी उतरवून पट्टी हाती येईपर्यंत वाट पाहणे, एवढेच त्याच्या वाट्यास येई. त्या काळी मुंबई इलाख्यातील अनेक बाजारपेठांत ‘हत्ता’ ही पद्धत रूढ होती. रुमालाखाली बोटे दाबून खरेदीदार व अडत्या भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारी उभा असूनही आपल्याच मालाचा भाव त्यास कळत नसे. १९२८ च्या शेतकीविषयक रॉयल कमिशनने बाजारातील अशा प्रथांवर कठोर टीका केली, आणि १९३९ साली मुंबई प्रांतात शेतमाल बाजारांचे नियमन करणारा कायदा झाला. उघड लिलाव, प्रमाणित वजने, लेखी हिशेबपट्टी यांचा आग्रह या सुधारणांच्या मुळाशी होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सुधारकांनी शेतकऱ्याला केवळ अधिक वार्ता पुरविण्याचा उपाय सुचविला नाही. रुमाल काढून टाकण्याचा उपाय सुचविला.

दुसरा प्रयत्न नभोवाणीचा. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली होती, आणि या पाच जिल्ह्यांत कोल्हापूरचाही समावेश होता. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे एकूण २० कार्यक्रम प्रक्षेपित झाले. गावातील मंडळाने एकत्र बसून ते ऐकावयाचे, त्यांवर चर्चा करावयाची, निर्णय घ्यावयाचा व आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावयाचे, असा क्रम होता. या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केली. जेथे श्रोतृमंडळ होते तेथे शेतकऱ्यांच्या ज्ञानात स्पष्ट वाढ दिसली. जेथे केवळ रेडिओचा संच होता पण मंडळ नव्हते, तेथे ती अल्प होती. यंत्र दोन्हीकडे तेच होते. भेद होता तो यंत्राभोवतीच्या संघटनेत व उलट प्रश्न विचारण्याच्या सोयीत. पुढील साठ-सत्तर वर्षांत जे प्रयोग झाले त्यांचे मूल्यमापन करताना हा निष्कर्ष विसरून चालणार नाही.

३

वारणा नदी ही कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांमधील सीमारेषा होय. तिच्या काठी, पन्हाळा तालुक्यातील कोडोलीनजीक, तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० नंतरच्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे दूध संघ, ग्राहक भांडार व शिक्षणसंस्था यांची भर पडून वारणानगर हे सहकाराचे एक लहानसे नगरच बनले. या भागातील बहुसंख्य ऊस उत्पादकांची धारणा लहान आहे. येथे जमिनीचा हिशेब एकरांपेक्षा गुंठ्यांत होतो.

उसाच्या पिकाचे अर्थशास्त्र नीट ध्यानी घेतल्यावाचून पुढील प्रयोगाचे मर्म कळणार नाही. लावण झाली की शेतकरी गट ऑफिसात उसाची नोंद करतो : गट क्रमांक, क्षेत्र, जात, लावणीची तारीख, आणि हंगाम आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा. या नोंदीच्या क्रमाने तोडीची पाळी ठरते. पाळी आली की परवाना निघतो, टोळी फडात येते, ऊस काट्यावर जातो व वजनाची पावती मिळते. या साखळीतील प्रत्येक कडी कागदाची आहे. पाळी पंधरवड्याने लांबली तर उसास तुरा येतो, वजन घटते, आणि त्या रानात पुढचे पीक घेण्याचा हंगामही हातचा जातो. चार एकरांचा धनी हा तोटा सोसू शकेल. वीस गुंठ्यांच्या धन्याचे वर्षाचे गणितच त्याने कोलमडते. म्हणून ‘माझा नंबर कितवा’ हा प्रश्न या भागात सर्वांत मोलाचा असून त्याचे उत्तर परंपरेने चिटबॉयच्या वहीत असे. ज्याची ओळख त्याची तोड आधी, हा संशय ऊसपट्ट्यात सर्वत्र ऐकू येतो. तो प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही. परंतु वही बंद असेपर्यंत तो खोटा ठरविण्याचे साधनही कोणापाशी नसते.

या पार्श्वभूमीवर १९९८ साली पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक कृतिदलाच्या प्रेरणेने ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ ही योजना सुरू झाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तिची आखणी केली. खर्चाचा निम्मा भाग केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने व १० टक्के वारणेच्या संस्थांनी उचलावयाचा असे ठरले. परिसरातील सुमारे ७० गावे तिच्या कक्षेत येत असून गावोगावी ५४ संगणक केंद्रे स्थापन करण्यात आली. योजनेचे मनोरथ मोठे होते. पीकसल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, शासकीय योजना, शिक्षण व रोजगार यांची माहिती एकाच यंत्रावर मराठीत मिळावी, अशी तीमागील कल्पना होती. खेड्यात इंटरनेट अपूर्वाईचे होते त्या काळात देशापरदेशांतील अभ्यासकांचे लक्ष वारणेकडे वेधले गेले, यात नवल नाही.

प्रत्यक्षात जे घडले ते मनोरथाहून निराळे होते. पण ते अपयश होते असे मात्र म्हणता येणार नाही. पीकसल्ला, शिक्षण, रोजगार या अंगांचा वापर नाममात्र राहिला. केंद्रे चालली ती कारखान्याच्या कामासाठी. शेतकरी तेथे येई तो आपली ऊसनोंद पाहण्यास, तोडीचा परवाना घेण्यास, वजन व खताचा हिशेब विचारण्यास. जगातील ज्ञानभांडार गावात आणण्यासाठी जो संगणक आला, त्याने गावकऱ्याला त्याचेच खाते दाखविले. बाहेरील समीक्षकांनी याची गणना योजनेच्या मर्यादांत केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता मात्र तिचे सार यातच होते. रुमालाखालचा व्यवहार एका अंगाने तरी उघड झाला होता.

४

संगणकांचे आयुष्य अल्प असते व खेड्यात ते अधिकच अल्प ठरते. योजनेस आठ वर्षे होईतो यंत्रे जुनी झाली होती, दुरुस्तीचा खर्च वाढत होता, आणि त्याच सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात वीजटंचाईमुळे तासन्‌तास भारनियमन होत असे. उलटपक्षी, भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्या मोबाईल सेवेचा आरंभ झाला, ती २००३ साली येणाऱ्या संभाषणावरील आकारणी बंद झाल्यानंतर झपाट्याने स्वस्त होऊन खेड्यांत पोचली होती. बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंतारो तोयामा यांनी वारणेच्या केंद्रांची पाहणी केली असता त्यांना असे आढळून आले की, संगणकाकडून घेतले जाणारे काम इतके मर्यादित आहे की तेवढ्यासाठी संगणकाची गरजच नाही. वही मध्यवर्ती कार्यालयात आहे. गावाहून एक क्रमांक जावयाचा व तिकडून दोन-चार आकडे यावयाचे. हे काम लघुसंदेशानेही होऊ शकेल.

यातून ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग २००६-०७ च्या सुमारास सात गावांत आठ महिने करण्यात आला. गावातील संगणकाच्या जागी मोबाईल आला व मध्यवर्ती संगणक लघुसंदेश वाचून दप्तरातील उत्तर परत पाठवू लागला. संगणकावर होणारी सर्व कामे मोबाईलवर होऊ शकली, खर्च घटला, आणि शेतकऱ्यांस ही पद्धत पूर्वीहून अधिक सोयीची व पसंतीची वाटली. ज्याच्यापाशी स्वतःचा मोबाईल होता त्याला केंद्राच्या वेळाही पाळाव्या लागल्या नाहीत.

या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व यंत्रबदलात नाही. १९९८ च्या योजनेत शेतकरी हा माहितीचा ग्राहक कल्पिला होता. २००६ च्या प्रयोगात तो प्रश्नकर्ता झाला. खाते त्याचे, प्रश्न त्याचा, वेळ त्याची. नभोवाणीच्या श्रोतृमंडळांत उलट प्रश्न पाठविण्याची जी सोय होती तिचेच हे निराळे रूप म्हणता येईल. भेद एवढाच की, मंडळात प्रश्न गावाचा असे व येथे तो एकट्या सभासदाचा होता. या भेदाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

५

वारणेचा प्रयोग व त्याच वर्षी, म्हणजे २००७ साली, महाराष्ट्रात सुरू झालेली ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा यांची तुलना बोधप्रद आहे. या सेवेत वर्गणीदार शेतकऱ्यास त्याने निवडलेल्या पिकांचे बाजारभाव, हवामान व पीकसल्ला मोबाईलवर मराठीतून मिळे. तिच्या परिणामांची पाहणी मार्सेल फाफशाँ व बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत केली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सेवा मिळालेल्या व न मिळालेल्या शेतकऱ्यांत, हाती आलेल्या भावाच्या बाबतीत संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण असा सरासरी फरक आढळला नाही. पावसाने होणारे नुकसान, वाणांची निवड, मशागतीच्या पद्धती यांतही नाही.

याच्या उलट, रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावरील मासेमारीचा जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला, त्यात मोबाईल आल्यावर बंदराबंदरांतील भावांची तफावत झपाट्याने कमी झाल्याचे, माल फुकट जाण्याचे थांबल्याचे व मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. दोन्ही अभ्यास काटेकोर आहेत. मग निष्कर्षांत एवढे अंतर का? मच्छीमाराची नाव समुद्रात असते. भाव कळताच सुकाणू वळवून दुसऱ्या बंदरास जाणे त्याला शक्य असते. दहा पोती सोयाबीन घेऊन निघालेल्या शेतकऱ्याची स्थिती तशी नाही. ठरलेला टेम्पो, ठरलेला बाजार, ज्याच्याकडून हंगामाच्या आरंभी उचल घेतली तो ठरलेला अडत्या, या सर्वांनी त्याची वाट आधीच आखलेली असते. लांबच्या बाजारातील चढा भाव त्यास कळतो. पण त्या भावापर्यंत पोचण्याचा मार्ग निरोपाबरोबर येत नाही.

ऊस उत्पादक तर याहूनही बांधलेला. ज्या कारखान्यास नोंद दिली तेथेच साधारणतः ऊस जावयाचा, दरही कारखान्याचाच. तरीही वारणेस मोबाईल उपयुक्त ठरला. याचे कारण असे की, तेथे निरोपाने शेतकऱ्यास निवड दिली नाही, पण पडताळा दिला. पाळीचा क्रम, काट्यावरील वजन, खात्यावरील खत ही माहिती हाती असली म्हणजे चूक दाखविता येते, जाब विचारता येतो. आणि सहकारी संस्थेत सभासदाला जाब विचारण्याचा अधिकार, निदान कायद्याने, असतोच. केंतारो तोयामा यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गीक हेरेसी’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, तंत्रज्ञान स्वतः बदल घडवीत नाही, ते माणसांच्या व संस्थांच्या ठायी असलेल्या शक्तीस केवळ वाढवून दाखविते. वारणेच्या अनुभवावरून या विधानात एक भर घालणे आवश्यक वाटते. संस्थेची शक्ती ही तिच्या दप्तरात साठलेली असते. म्हणून मोबाईल जे वाढवितो ते प्रथमतः दप्तर होय. दप्तर खरे व उघड असेल तर त्याचा खरेपणा वाढतो. ते अपुरे असेल तर अपुरेपणाही त्याच वेगाने पसरतो.

६

२००४ च्या जानेवारीत केंद्र शासनाने किसान कॉल सेंटर सुरू केले. २००८ साली सोयाबीनवर आलेल्या कीडसंकटानंतर महाराष्ट्र शासनाने २००९-१० पासून क्रॉपसॅप ही कीडरोग सर्वेक्षण व सल्ला योजना हाती घेतली व तिच्यातील सल्ला लघुसंदेशाने शेतकऱ्यांस जाऊ लागला. १६ जुलै २०१३ रोजी एमकिसान हे देशव्यापी संदेशद्वार खुले झाले. वजनाचा आकडा काट्यावरून थेट सभासदाच्या मोबाईलवर पाठविण्याची पद्धतही साखर कारखान्यांत रुळत गेली आहे. या सर्व योजनांचे रूप भिन्न असले तरी त्यांचा पाया एकच आहे : नोंदविलेला शेतकरी. ज्याचे नाव यादीत, त्याचा क्रमांक यंत्रात. ज्याचा क्रमांक यंत्रात, त्यास निरोप.

या पायातच मूळ प्रश्न दडलेला आहे, आणि त्यासाठी पुन्हा शिवाजी पेठेकडे वळले पाहिजे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा व त्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी पाळला गेलेला कृषकदिन यांनी कसणाऱ्यास जमिनीचा धनी करण्याचे मोठे कार्य केले. परंतु त्यानंतर नव्याने कूळ लागण्याची भीती जमीनधारकांच्या मनात घर करून बसली. परिणामी शहरात वा परगावी राहणाऱ्या धारकाची जमीन जो दुसरा कसतो, त्याच्याशी होणारा करार बहुधा तोंडी राहिला. वाट्याने वा फाळ्याने केलेल्या या शेतीत सातबारा एकाचा व घाम दुसऱ्याचा असतो. ऊसनोंद सातबाऱ्याच्या आधारे होते, सभासदत्वही धारकाचे असते. म्हणून तोडीची पाळी, वजन, कीडरोगाचा सल्ला, हे सर्व निरोप पेठेत राहणाऱ्या धारकाच्या मोबाईलवर येतात. बांधावर उभा असलेला माणूस ते त्याच्या तोंडून, त्याच्या सवडीने ऐकतो. भांगलण करणाऱ्या, लावणीचे कांडे अंथरणाऱ्या स्त्रीची अवस्था याहून बिकट आहे; घरची जमीन असूनही पुष्कळदा ना उतारा तिच्या नावे, ना नोंद, ना मोबाईल.

हा दोष मोबाईलचा नव्हे. पुराच्या पाण्याची पातळी वाटेकऱ्यालाही धारकाइतकीच लवकर कळते, कारण ती कोणाच्या नावे नोंदलेली नसते. जी माहिती नावाने येते ती मात्र नावाच्या मागोमागच जाते. हत्ता पद्धतीत धन्यापासून त्याच्याच मालाचा भाव लपविला जाई. आजच्या व्यवस्थेत धन्यास सर्व काही कळते, पण कसणारा धनी ठरलेला नसतो. पहिल्या अन्यायावर उघड लिलाव हा उपाय सापडला. दुसऱ्यावरचा उपाय कोणत्याही नव्या यंत्रात सापडण्यासारखा नाही. तो कसणाऱ्याची नोंद, मालकीहक्काला धक्का न लावता का होईना, कोठेतरी अधिकृतपणे होण्यात आहे. जमीन ज्याची व पीक ज्याचे, या दोन नोंदी वेगळ्या ठेवण्याचे धैर्य महसूल खात्याने व सहकारी संस्थांनी दाखविले, तर आज शेतकऱ्याच्या खिशात असलेले हे यंत्र खऱ्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.

१९५६ च्या श्रोतृमंडळांत सातबारा कोणी विचारीत नसे. गावच्या चावडीत वा शाळेत जो येऊन बसला त्याने ऐकले व त्यानेच प्रश्न विचारला. वारणेच्या प्रयोगाने सभासदास त्याचे खाते दिले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. या दोन प्रयोगांमधील जो गुण एकाच्या ठायी होता व दुसऱ्याच्या ठायी नव्हता, तो एकत्र आणणे हे काम अद्याप व्हावयाचे आहे. निरोप पोचविण्याची साधने आता विपुल आहेत. तो कोणाच्या नावे काढावयाचा, हा प्रश्न मात्र जुनाच आहे.